डिझेल गाडीने एअर घेतली: ती काढायची कशी आणि शिरली कुठून हे शोधायचं कसं

नोव्हेंबर संपत आलेला, रात्रीचे पावणेतीन. काटोलहून नागपूरच्या कळमना बाजाराला संत्रा घेऊन निघालेला आमचा पिकअप कळमेश्वरच्या अलीकडे दोन आचके देऊन गप्प झाला. टाकी कोरडी. काटा पाव टाकी दाखवत होता, पण तो गेली तीन वर्षं पाव टाकीच दाखवत होता आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या पंपावरून कॅनमध्ये पाच लिटर आणलं, ओतलं आणि सेल (स्टार्टर) मारायला बसलो. आधी सेल जोरात फिरला, मग रडत फिरला, मग नुसतंच ‘टक्’ झालं.

मागून आणखी एक संत्र्याचीच गाडी आली. ड्रायव्हर उतरला, बॉनेटमध्ये डोकावला आणि म्हणाला, “काहून भाऊ, नुसता सेल मारून राहिले? एअर काढली का?”

मी गप्प. त्याने आपल्या सीटखालून १०-११ चा पाना काढला, डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा एक छोटा स्क्रू सैल केला आणि शेजारचं बटण दाबत बसला. आधी नुसता फुसफुस आवाज, मग पांढरट फेस, मग धार. स्क्रू आवळला, त्याच्या बॅटरीवरून जम्पर लावला आणि दुसऱ्या सेलला इंजिन लागलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी कळमन्यात पोचलो तेव्हा चांगले सौदे उरकून गेले होते, ते सोडा.

एअर काढायला, म्हणजे डिझेलच्या रस्त्यात शिरलेली हवा बाहेर काढायला, मी त्या रात्री शिकलो. नंतर वर्षभर मात्र एक चूक करत राहिलो: गाडी बंद पडली की एअर काढायची, हात पुसायचे, पुढे निघायचं. आठ दिवसांनी परत तेच. टाकी रिकामी झाली म्हणून एअर आली असेल तर ती काढली की विषय संपतो. टाकीत डिझेल असताना एअर आली असेल, तर कुठून तरी वाट फुटलेली आहे. ती वाट सापडेपर्यंत तुम्ही नुसतं मलम लावताय. म्हणून इथे एअर काढण्यापेक्षा जास्त जागा मी ती वाट शोधायला दिली आहे.

एवढ्याशा हवेने इंजिन का बंद पडतं

दवाखान्यात सुई टोचण्याआधी नर्स सिरिंज उभी धरून टिचकी मारते आणि हवा बाहेर ढकलते. डिझेल पंपाचं दुखणं तेच, कारण वेगळं. द्रव दाबला तरी फारसा दबत नाही, हवा दबते. जुन्या गाड्यांत नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) उघडायला साधारण १५० ते २५० बार दाब लागतो. कारच्या टायरमध्ये असतो सुमारे २ बार, त्यावरून अंदाज घ्या. पंपाचा प्लंजर (आतला मागेपुढे होणारा दांडा) एका ठोक्याला जेमतेम काही थेंबांएवढं डिझेल ढकलतो. त्या जागी बुडबुडा असला की प्लंजर पुढे गेला की बुडबुडा दबतो, मागे आला की फुगतो. दाब चढतच नाही, नोझल उघडतच नाही. सेल कितीही मारा, सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा येत नाही.

आता डिझेलचा रस्ता डोक्यात पक्का करून घ्या, पुढे सगळं यावरच चालतं. टाकीतली जाळी, तिथून लोखंडी नळी, मध्ये रबरी पाइप, पाणी वेगळं करणारा फिल्टर, मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप), मुख्य फिल्टर, मोठा पंप (आमच्याकडे तो कोणत्याही कंपनीचा असला तरी जुने मिस्त्री त्याला ‘मायको’च म्हणतात), तिथून लोखंडी प्रेशर पाइप आणि शेवटी नोझल. नोझलकडून उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परत.

यातला टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा. फीड पंपाच्या पुढचा भाग ढकलीचा. ढकलीच्या भागात कुठे फट असेल तर डिझेल बाहेर येतं, बॉनेट उघडल्याबरोबर ओलं दिसतं, वास येतो. ओढीच्या भागात फट असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. ‘गळत तर कुठेच नाही, मग एअर येते कुठून?’ असं म्हणत लोक डोकं धरून बसतात, ते याच जागेपायी. ट्रॅक्टरचं याच्या उलट. बहुतेक ट्रॅक्टरांची टाकी पंपाच्या वर असते, डिझेल स्वतःच्या वजनाने उतरतं. त्यामुळे तीच फट ट्रॅक्टरमध्ये थेंब-थेंब गळताना दिसते आणि जीपमध्ये लपून राहते.

पाना हातात घेण्याआधी

दोन मिनिटं शांत उभे राहा. आमच्या मिस्त्रींनी एकदा तासभर एअर काढली आणि नंतर लक्षात आलं की डॅशबोर्डखालचा स्टॉपर (इंजिन बंद करायचा खटका) ओढलेलाच राहिला होता. जुन्या गाड्यांत स्टॉपरची केबल जाम होऊन अर्धवट अडकते, ती हाताने ढकलून बघा. ज्या गाड्यांत पंपावर सोलेनॉइड (डिझेल सोडणारी विजेची झडप) असतो, तिथे चावी फिरवल्यावर ‘टिक्’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज आणि वायर बघा.

मग धूर. सेल मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही. तिथे ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारा), कमजोर बॅटरी, कॉम्प्रेशन असली कारणं शोधायची, एअर काढून उपयोग नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचत नाही, आणि तेव्हा हा लेख कामाचा.

डिझेल किती ओतायचं? पाच लिटरवर भागवू नका. गाडी उतारावर किंवा रस्त्याच्या कडेला तिरपी उभी असेल तर पाच लिटर टाकीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसतं आणि ओढनळीचं तोंड उघडंच राहतं. दहा लिटर तरी हवं, आणि गाडी जमेल तेवढी सपाट जागी घ्या.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हे गाळू नका. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून लोक विडी ओढत काम करतात. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटते) किमान ३५ अंश धरलेला आहे. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ ला टेकते, तापलेल्या बॉनेटखालचं तर बोलूच नका. त्या उन्हात सांडलेल्या डिझेलची वाफ एका ठिणगीनेही पेटू शकते. इंजिन थंड होऊ द्या, खाली ट्रे किंवा कापलेला कॅन ठेवा, अल्टरनेटर आणि सेल्फवर फडकं झाका. आणि ट्रकवरून जम्पर घेऊ नका. मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, आपली १२ ची. माझ्या नशिबाने त्या रात्री थांबलेली गाडीही पिकअपच होती.

जुन्या पंपाच्या गाडीची एअर काढणं

सामान फार लागत नाही: १०-११ चा आणि १७-१९ चा पाना, पेचकस, स्वच्छ फडकं, टॉर्च. एअर नेहमी टाकीकडून नोझलकडे काढत जायची. मधूनच सुरुवात केली तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

हाताने चालवायचा प्रायमर शोधा. तो फीड पंपाच्या अंगावर गोल मुठीसारखा असतो किंवा फिल्टरच्या डोक्यावर बटणासारखा. गोल मूठ असेल तर ती आधी उलटी फिरवून मोकळी करावी लागते, मग वर-खाली चालते. मूठ चालते आहे पण हाताला काहीच ओढ लागत नाही, असं कधी कधी होतं. कॅमने चालणाऱ्या काही पंपांत कॅम नेमका वर येऊन थांबलेला असतो, त्यामुळे प्रायमरच्या दांड्याला हलायला जागाच उरत नाही. सेल अगदी अर्धा सेकंद मारा, इंजिन थोडं सरकेल आणि प्रायमरमध्ये जीव येईल. ही गोष्ट माहीत नसल्याने चांगले प्रायमर बदलून टाकलेले मी पाहिले आहेत.

आता फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दीड-दोन आटे सैल करा. पूर्ण काढू नका, रात्री हातातून पडला की चेसिसमध्ये शोधत बसाल. प्रायमर सावकाश, पूर्ण टप्प्याने मारा. घाईघाईने अर्धे-अर्धे टप्पे मारले तर हवा तिथल्या तिथेच मागेपुढे होते. आधी हवा सुटेल, मग साबणाच्या पाण्यासारखा फेस, मग फेसात मधूनमधून स्वच्छ थेंब. इथेच लोक घाई करतात. फेस थांबून काचेसारखी सलग धार दिसेपर्यंत मारत राहा, आणि धार चालू असतानाच, म्हणजे प्रायमर दाबलेला असतानाच, स्क्रू आवळा. हात आधी वर उचलला तर सैल स्क्रूतून तेवढी हवा परत आत ओढली जाते.

दोन फिल्टर असतील तर दुसऱ्यालाही असंच. मग मोठ्या पंपावरचा एअर स्क्रू किंवा बँजो बोल्ट (ज्याच्या पोटातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट). तिथेही फेस, मग धार, मग आवळणे. आता प्रायमर मारताना हाताला जड लागायला हवा. पंधरा-वीस टप्प्यांत जड झाला नाही तर मागे कुठेतरी हवा अजून शिरतेय असं समजा. जड झाला की मूठ खाली दाबून परत आटे देऊन बसवा. ती मोकळी राहिली तर तिथूनच नवी एअर घ्यायला सुरुवात होते.

बऱ्याचदा एवढ्यावरच गाडी लागते. नाही लागली तर प्रेशर पाइपची पाळी. नोझलच्या टोकाचे १७-१९ चे नट एकेक आटा सैल करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला कोणाला तरी बसवा आणि दहा सेकंद सेल मारा. पाइपच्या तोंडाशी डिझेल पिचकत येऊ लागेल. ज्या पाइपला सलग डिझेल आलं तो नट आवळा, मग पुढचा. दोन सिलिंडर बसले की इंजिन ‘ढक... ढक’ करत उचलतं. ते चालू असतानाच उरलेले नट आवळा, पण हात आणि तोंड त्या तोंडापासून लांब ठेवून, डोळ्यांवर चष्मा असला तर उत्तम. आवळताना अंगातला सगळा जोर लावू नका. पाइपचं टोक कोनासारखं बसतं, जास्त आवळलं की ते चिरतं आणि मग कायम गळतं.

सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. सेल्फची मोटर सलग चालायला बनवलेलीच नाही.

फिल्टर बदलताना नवा फिल्टर डिझेलने भरून लावायची पद्धत आपल्याकडे आहे. जुन्या गाडीत चालते, पण ओतायचं ते बाजूच्या छोट्या भोकांतून. मधल्या मोठ्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलं न जाता थेट पंपात जातं, म्हणजे नव्या फिल्टरचा पहिला घोटच कचऱ्याचा.

कॉमन रेलच्या गाडीत हे करायचं नाही

वरची प्रेशर पाइपची पायरी नव्या, म्हणजे कॉमन रेलच्या गाडीत करू नका; तिथे ‘रेल’ नावाच्या एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना (नोझलना) डिझेल मिळतं. इथे दाब १६०० बार आणि काही इंजिनांत त्याच्याही पुढे जातो. तेवढ्या दाबाची बारीक चिळकांडी हातमोज्यातून आणि कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, आत मात्र डिझेल पसरलेलं असतं. असं झालंच तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना, आणि ‘प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. बारीक गळती शोधायलासुद्धा हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

दुसरी अडचण पैशाची. या गाड्यांच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच. कोरडा फिरला की आतून धातूचा कीस सुटतो, तो रेलमध्ये आणि तिथून सगळ्या इंजेक्टरमध्ये. तेव्हा कॉमन रेलमध्ये टाकी कोरडी होऊ न देणं हाच निम्मा इलाज आहे, आणि झालीच तर तासभर सेल मारत बसणं हा सर्वांत महाग मूर्खपणा.

टाकीत विजेचा पंप असेल तर काम सोपं. चावी ‘ऑन’ करा, सेल मारू नका. मागच्या सीटखालून काही सेकंद ‘हूं’ असा आवाज येईल आणि थांबेल. चावी बंद, पुन्हा ऑन. असं आठ-दहा वेळा. आवाजच येत नसेल तर एअरचा विचार सोडा. फ्यूज, रिले किंवा पंप गेला आहे. ज्या गाडीत लाइनवर रबरी फुगा असतो तिथे तो फुगा हातात कडक होईपर्यंत दाबत राहा, पन्नास-साठ वेळाही लागू शकतात. फुग्यावरचा बाण इंजिनकडे हवा. नवीन फुगा उलटा बसवलेली गाडीही मी पाहिली आहे, मालक दोन दिवस दाबत होता. नंतर दहा सेकंद सेल, विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. चार-पाच वेळा करूनही लागली नाही तर स्कॅनर लावून रेलचा दाब बघायला हवा. त्यापुढे अंदाजाने काही उघडू नका.

आणि इथे फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका. कोरडाच बसवा आणि प्रायमरने किंवा पंपाने भरू द्या.

एअर परत आली, मग वाट शोधा

आमच्या पिकअपला त्या रात्रीनंतर हे दुखणं जडलंच. रात्री उभी केली की सकाळी लागत नसे, प्रायमर मारला की लागे, दिवसभर ठीक चाले. या लक्षणाचा अर्थ सरळ आहे: रात्रभरात कुठून तरी हवा आत जाते आणि पाइपमधलं डिझेल उतरून टाकीत परत जातं. मी फिल्टर बदलला. मग फीड पंप बदलला. मग कोणीतरी म्हणालं म्हणून नोझल सर्व्हिस केले. खर्च सांगत नाही, बायको वाचते.

शेवटी वाडीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात तो पारदर्शक पाइप मागवला. वीतभर तुकडा कापून फीड पंपाच्या अलीकडे, रबरी पाइपच्या जागी लावला आणि इंजिन चालू ठेवून म्हणाला, “आता बस इथं आन् बघत राय.” सुरुवातीला काही नाही. मग एक बुडबुडा, मोहरीएवढा. मग दोन. मग ज्वारीच्या दाण्याएवढे, एकामागे एक, रांगेने. पंप, फिल्टर, नोझल सगळं निर्दोष होतं. हवा टाकीकडूनच येत होती. ही परीक्षा पन्नास रुपयांत होते आणि मी ती सर्वांत शेवटी केली.

तुम्ही ती सर्वांत आधी करा. तुकडा फीड पंपाच्या अलीकडे लावा. तिथे बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला. तिथे स्वच्छ दिसलं तर तुकडा फिल्टरच्या पुढे, मोठ्या पंपाच्या तोंडाशी लावा. तिथे बुडबुडे आले तर दोष या दोन जागांच्या मध्ये: फीड पंप, प्रायमर किंवा फिल्टरचं बसणं. नुकताच फिल्टर बदलला असेल तर पहिली काही मिनिटं थोडे बुडबुडे येणारच, त्यावर निकाल देऊ नका. हा पाइप कायमचा ठेवू नका, डिझेलने आणि उष्णतेने तो आधी मऊ, मग कडक होऊन तडकतो.

पारदर्शक पाइप नसेल तर कॅनची परीक्षा. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनजवळ, पंपाच्या वरच्या उंचीवर बांधा आणि चांगल्या पाइपने थेट फीड पंपाला जोडा. रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा. गाडी अशी व्यवस्थित चालली, सकाळी पहिल्या सेलला लागली, तर टाकी ते फीड पंप यांच्यातच काहीतरी आहे.

मग त्या भागातल्या जागा एकेक करून. रबरी पाइप हातात घेऊन वाकवा. नागपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर भाजून निघतं, वरून गुळगुळीत दिसतं आणि वाकवलं की केसासारख्या चिरा उघडतात. क्लिपखालची जागा खास बघा, तिथेच ते आधी चिरतं. तारेने करकचून बांधलेला पाइप दिसला तर दुसरं काही बघण्याआधी तो काढून चांगली क्लिप लावा. फिल्टर उतरवा आणि जुनी रबरी रिंग त्याच्या डोक्याला चिकटून राहिली नाही ना ते बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की फिल्टर कितीही आवळा, हवा घेणारच. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या खालचा निचरा स्क्रूही बघा; तो ओढीच्या बाजूला असेल तर थेंबही न गळता हवा घेतो.

बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घाला, दोन-चार रुपयांची वस्तू आहे. मिळतच नसतील तर जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की तांबं मऊ होतं आणि एकदा पुन्हा बसतं. डिझेल लाइनवर टेफ्लॉन टेप मात्र लावू नका. तिचे धागे सुटून पुढे जातात आणि पंपाच्या बारीक भोकात अडकतात. टाकीला बारीक भोक पडलं तर जुने ड्रायव्हर धुण्याच्या साबणाची वडी घासतात. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे घरी पोचेपर्यंत ते खरंच टिकतं.

काही सापडलं नाही तर लाइन उलट्या दिशेने हलक्या दाबाने भरून बघा. टाकीच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळून टाकीत तोंडाने फुंकलं तरी ओढीच्या बाजूची फट बाहेरून ओली होते आणि दिसते. कॉम्प्रेसरची हवा टाकीत सोडू नका, टाकी डब्यासारखी फुगते आणि फुटूही शकते.

आमच्या गाडीत शेवटी सापडली ती लोखंडी नळी. टाकीवरून चेसिसला धरून येते तिथे क्लॅम्पच्या खाली चिखल साचून गंजली होती. क्लॅम्प काढल्यावर नखाने खरवडलं तर गंजाचा पापुद्रा निघाला आणि खाली सुईच्या टोकाएवढं भोक. वर्षभराची भानगड.

हवा नाही, तरी गाडी ओढत नाही

सपाटीला ठीक आणि चढ लागला किंवा माल भरला की दम सोडते, हे बहुतेक वेळा तुंबलेल्या फिल्टरचं लक्षण. फिल्टर बदला आणि जुना कापून बघा. आत काळा, बुळबुळीत गाळ असेल तर टाकीत पाणी आहे आणि त्या पाण्यात जंतू वाढलेत. अशा वेळी नवा फिल्टरही महिन्याभरात तुंबेल. टाकी उतरवून धुतल्याशिवाय सुटका नाही.

पंधरा-वीस किलोमीटर नीट चालते, मग बंद पडते, थोडं थांबलं की परत लागते. इथे टाकीचं झाकण उघडा आणि ऐका. ‘सूऽऽ’ करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. डिझेल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत यायला वाट नाही, टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येत नाही. आमच्या ओळखीच्या एकाच्या गाडीचं झाकण चोरीला गेलं होतं, त्याने पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून तोंडावर दुहेरी पन्नी घालून रबराने बांधली. उमरेडपर्यंत जाताना तीनदा थांबला आणि तीनदा एअर काढली. एअर नव्हतीच. पन्नी आत ओढली जाऊन वाटीसारखी झाली होती.

टाकीतली जाळी तुंबली आहे का, हे बघायला फीड पंपाकडचा पाइप काढून टायरच्या पंपाने टाकीच्या दिशेने हवा मारा, झाकण उघडं ठेवून. टाकीत बुडबुड ऐकू आली आणि नंतर गाडी सुधारली तर जाळीच तुंबली होती. हा इलाज चार दिवसांचा, कचरा पुन्हा येऊन बसतो. कधी कधी रबरी पाइपचा आतला थर सुटतो आणि ओढ वाढली की झडपेसारखा बंद होतो. बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो. कापून आत बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून दहा वर्षांचा पाइप असेल तर शंका न घेता बदलून टाका.

पाण्याचा निचरा पावसाळ्यात दर पंधरवड्याला करा. स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा, दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. अर्धी टाकी घेऊन रात्र काढू नका, विशेषतः दिवस गरम आणि पहाट गार असते त्या महिन्यांत. टाकीतल्या रिकाम्या जागेतली दमट हवा पत्र्यावर घाम धरते आणि तो घाम डिझेलमध्ये उतरतो.

थंडीत गाडी लागली नाही की आमच्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं, डिझेल गोठलं. मानकाप्रमाणे डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली ते वाहत नाही ते तापमान) हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश चालतो. नागपूरच्या डिसेंबरात ताजं भरलेलं डिझेल वाहतं राहतं. उन्हाळ्यात भरून शेडमध्ये ठेवलेलं बॅरल मात्र थंडीत दगा देऊ शकतं. त्यात रॉकेल मिसळू नका. पंपाला आणि इंजेक्टरला लागणारं वंगण त्याने कमी होतं.

काम झालं हे कसं ओळखायचं

इंजिन लागलं म्हणजे लगेच बॉनेट बंद करू नका. दहा मिनिटं चालू ठेवा, रेस कमी-जास्त करा, आयडलला आवाज वर-खाली होत असेल तर थोडी हवा अजून आहे. प्रत्येक स्क्रू, बँजो आणि नट कोरड्या फडक्याने पुसा आणि पाच मिनिटांनी पुन्हा हात लावून बघा, कॉमन रेल असेल तर फक्त डोळ्यांनी. सांडलेलं डिझेल रबरी पाइप आणि बेल्टवरून पुसून घ्या, काढलेलं डिझेल नालीत ओतू नका.

मग गाडी रात्रभर उभी करा, जमलं तर तोंड चढाच्या बाजूला करून, म्हणजे टाकी खाली आणि इंजिन वर राहील. फट उरली असेल तर डिझेल अशाच वेळी सर्वांत लवकर मागे उतरतं. सकाळी प्रायमरला हात न लावता सेल मारा. आमची गाडी नळी बदलल्यावर पहिल्याच सेलला लागली, आणि मिस्त्रीने जुनी नळी माझ्या हातात देऊन सांगितलं, “ही घरी घेऊन जा. पुढच्या टायमाला फिल्टर बदलाच्या आधी हिच्याकडं बघ.”